चिंचेने घासलेला आरसा

मित्रांनो, पाहुणे मला थाळी समजतात, पण मी एक जुना काशाचा आरसा आहे. जपानमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला ओतलं आणि चेहरा दिसेपर्यंत घोटलं. कंपनीच्या कामासाठी तिथे गेलेल्या नेत्राने मला विकत घेतलं. "मऊ कापडाने पुसा, दुसरं काही लावू नका," असं त्याने तिला बजावलं होतं. पुढे ती अमेरिकेत आली आणि अ‍ॅशबर्नच्या घरात मला देवघराशेजारी जागा मिळाली. येणारा-जाणारा माझं कौतुक करी.

नेत्रा माझ्यासमोर लेकीची, नैनाची, वेणी घाली आणि जपानची एक जुनी गोष्ट सांगे. भावाच्या वागण्याला विटून सूर्यदेवी अमातेरासू गुहेत जाऊन बसली. जगात अंधार झाला. देवांनी बाहेर आरसा टांगला आणि हसून गलका केला. कोण हसतंय म्हणून ती डोकावली, आरशात स्वतःचंच तेज दिसलं आणि ती बाहेर आली. पुढे तिने तो आरसा नातवाला दिला. म्हणाली, "मला पाहशील तसं याला पाहा." जपानचे सम्राट त्याच नातवाचे वंशज मानले जातात.

यंदा उन्हाळ्यात नागपूरला नेत्राची आई वारली. व्हिसाच्या अडचणीमुळे नेत्राला जाता आलं नाही. अंत्यदर्शन फोनवरच झालं. ती रडली नाही. खोलीचे पडदे ओढून, कॅमेरा बंद ठेवून ऑफिसचं काम करत राहिली. जेवणाचं ताट दारातून आत जाई आणि तसंच बाहेर येई. माझ्यावर धूळ साचली. मी पडलो धातूचा, मला काय वाटणार?

शेवटी नैनाने मला त्या बंद दारासमोर आणलं. ती आणि तिचे बाबा श्रीरंग मोठमोठ्याने हसले. श्रीरंगचं हसू तर अगदीच उसनं होतं. दार उघडलं नाही. मी काळवंडलोय म्हणून असं होतंय, असं पोरीला वाटलं. आई देवाची भांडी घासते तशी तिने चिंच घेतली, वर तारेची घासणी. करकर आवाज घरभर झाला.

दार उघडलं.

"अगं, काय करतेस? चिंच नाही लावायची त्याला. मऊ कापडाने पुसायचं."

"सॉरी आई. आय वॉन्टेड यू टू कम आउट."

नेत्राने मला हातात घेतलं. ओरखड्यांमधून तिचा चेहरा धूसर, ओढलेला दिसत होता. ती बराच वेळ पाहत राहिली.

"आईसारखी दिसतेय मी," ती म्हणाली. मग लेकीला कुशीत घेऊन तिथेच जमिनीवर बसली आणि पहिल्यांदा रडली.

मित्रांनो, माझे ओरखडे आता जायचे नाहीत. घरातल्या वस्तू जपा, कारागिराचं सांगणं ऐका. पण तुमच्या घरी कुणी दार लावून बसलं असेल, तर माझ्यासारख्याची पर्वा करू नका. खुशाल घासा.