थंडीचे कपडे

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने शिआनमध्ये परदेशी पोरीसाठी भाड्याची खोली शोधलेली नसावी, नाहीतर बांधणंच सोपं आहे असं म्हणाला असता.

ओन्जाने इतकी घरं पाहिली होती की कुठल्या घरातला नळ गळत होता आणि कुठल्या घरातलं खिडकीचं दार लागत नव्हतं, हे सगळं तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं होतं. फोनवर सगळे गोड. "विद्यार्थिनी आहे? एकटीच? उत्तम, उत्तम!" मग दार उघडायचं, मालकाची नजर तिच्या काळ्यासावळ्या चेहऱ्यावर पडायची, आणि घर नेमकं त्या सकाळीच भाच्याला देऊन झालेलं असायचं. या शहरात एवढे भाचे आहेत तरी कुठे, असा तिला प्रश्न पडायला लागला होता. काहीजण निदान खरं बोलायचे. "पोरी, तुझ्याबद्दल काही नाही गं. पण परदेशी माणूस ठेवला की त्याला घेऊन चौकीत जा, घराचे कागद दाखवा, नोंद करा. कोण करत बसणार ती यातायात?"

आणि नोंद नाही तर काहीच नाही. दुरुस्तीसाठी वसतिगृह महिनाअखेर रिकामं करायचं होतं. तोवर चौकीत पत्त्याची नोंद झाली नाही, तर राहण्याचा परवाना वाढणार नव्हता. मग शिक्षण अर्धं टाकून थेट मादागास्कर. एरवी परतीचं विमान म्हटलं की तिला आनंदाने झोप लागत नसे. आता परतायचं कुणाकडे? मार्चमध्ये आई गेली होती.

घरं दाखवणारा फेंग हा तिच्याहून लहान, काटकुळा पोरगा. खिशात सूर्यफुलाच्या बिया, तोंडात त्यांची टरफलं. तो वैतागला होता, पण तिला सोडतही नव्हता.

"ताई, तुमची अट तरी बघा. ऊन नको, लिफ्ट नको, सोफा नको, आणि गॅसची शेगडी मात्र हवीच! अहो, आजकालच्या पोरी शेगडीचं तोंड बघत नाहीत. मागवतात, खातात, झोपतात."

"मला भात करपवायचा आहे," ओन्जा म्हणाली.

फेंगचं चावणं थांबलं. "मुद्दाम?"

मुद्दामच. तिच्या डोंगरातल्या गावात भात झाला की भांड्याच्या बुडाशी लागलेली खरवड काढून टाकत नाहीत. त्यावर पाणी ओततात, उकळतात, आणि ते तपकिरी, धुरकट वासाचं पाणी जेवताना पितात. घराघरात, रोज. आई ते पाणी पेल्यात ओतताना फुंकर घालायची, पेला हातात देईपर्यंत फुंकत राहायची. वसतिगृहात शेगडीला बंदी, आणि विजेच्या कुकरमध्ये भात करपतच नाही. याला म्हणतात सुधारणा.

आई गेल्याचं कळलं तेव्हा तीन विमानं बदलून पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. भावाने फोनवर दाखवलं. आईला कापडात गुंडाळत होते, एकावर एक थर, घट्ट, आणि मध्येच चित्र अडकलं. ओन्जाचा हात त्या कापडाला लागला नाही. तिच्या मुलखात मेलेल्या माणसांना थंडी वाजते. वाजली की ते घरच्यांच्या स्वप्नात येऊन सांगतात, आणि मग थडगं उघडून त्यांना नवं कापड पांघरतात. गेल्या महिन्यापासून आई ओन्जाच्या स्वप्नात येत होती. दारात उभी राहायची, हात काखेत घालून. "गारठले गं," एवढंच म्हणायची. ओन्जा जागी व्हायची, तेव्हा खोलीतल्या बाकीच्या तिघी झोपलेल्या असायच्या. मग उशीत तोंड खुपसून रडायचं. मोठ्याने रडायलाही आपलं दार लागतं, हे तिला तेव्हा कळलं.

"एक घर आहे," फेंग एक दिवस म्हणाला. "कापडगिरणीच्या जुन्या वसाहतीत. निंगमावशी. एकटी म्हातारी, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, शेगडी आहे. तोंडाची तिखट आहे, पण परदेशी म्हटल्यावर लगेच नाही म्हणाली नाही. आज संध्याकाळी या. आणि ताई, जास्त बोलू नका, कशाला हात लावू नका."

ओन्जा नको इतकी लवकर पोचली. दिवस मावळत होता, वारा बोचरा. वसाहतीच्या फाटकासमोर चार रस्ते मिळत होते आणि तिथेच, स्कूटरींच्या रांगेपासून दोन हातांवर, काहीतरी पेटलं होतं. आजूबाजूला कुणी नाही. वाऱ्याने एक जळता कागद उडून स्कूटरीच्या चाकाशी जाऊन पडला. ओन्जाने मागचापुढचा विचार केला नाही. बाटलीतलं सगळं पाणी तिने आधी चाकावर आणि मग त्या आगीवर ओतलं. फुस्स आवाज झाला. तेव्हा कुठे तिला दिसलं, की आगीभोवती खडूने गोल काढलेला आहे.

"अगं ए! अगं काय केलंस भवाने!"

पहारेकऱ्याच्या खोलीतून एक ठेंगणी म्हातारी धावत आली. एका हातात दारूचा पेला, दुसऱ्या हातात काठी. तिने काठीने राखेतून ओला गोळा उचलला. निळ्या कागदाची एक बाही होती, आणि थोडी कॉलर. आतला कापूस गळत होता.

"पेला आणायला दोन पावलं आत गेले, तर एवढ्यात! तीन संध्याकाळी बसून केला मी हा कोट. आज गेलेल्या माणसांना थंडीचे कपडे पोचवायचा दिवस. उद्यापासून थंडी. आणि आता हा माणूस तिकडे एक बाही घालून बसणार!"

तेवढ्यात फेंग आला. त्याने म्हातारीकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं, ओन्जाच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "या निंगमावशी."

हातातोंडाशी आलेला घास गेला, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तरी निंगमावशींनी सांगितलं. "हिला घर? हिला मी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा देणार नाही. घेऊन जा हिला!"

फेंगने ओन्जाची बाही ओढली. ओन्जा हलली नाही. स्कूटर वाचली, वारा होता, मला माहीत नव्हतं, असं बरंच सांगता आलं असतं. पण ती त्या ओल्या बाहीकडे बघत होती. साऱ्या शहरातल्या परदेश्यांत ही गोष्ट जिला कळावी तिनेच पाणी ओतलं होतं.

"मावशी, घर नका देऊ," ती म्हणाली. "पण त्यांना असं नका ठेवू. कोपऱ्यावर असे कागदी कपडे विकायला बसलेत, मी पाहिलं. मी आणते."

"विकतचा? त्यात कापूस तरी असतो का? नुसता रंगीत कागद. म्हाताऱ्याने जन्मात विकतचा कोट घातला नाही."

"मग आत्ता करू. अंधार पडायच्या आत. मला कापूस पिंजता येतो."

निंगमावशींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. राग गेला नव्हता, पण दिवसही थांबणार नव्हता. "चल. आणि तू रे बियाखाऊ, दात विचकत उभा राहू नकोस. खळ शिजवायला लाग."

तिसऱ्या मजल्यावरचं घर लहान होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर निळा कागद आणि कापूस पसरला. निंगमावशींनी कात्री चालवली, ओन्जाने कापूस पिंजून पातळ थर लावले, फेंगने खळ शिजवली आणि निम्मी आपल्या पँटला लावली. मावशींचं तोंड एकीकडे चालूच होतं.

"हयातीत एक कोट पसंत पडला नाही त्याला. खांद्यात आवळतो म्हणायचा. गिरणीत दिवसभर माग चालवून मी रात्री त्याचे कोट शिवायची, आणि याचा खांदा आवळतो! आता बोल म्हणावं." त्यांनी खांद्याला बोटभर कागद जास्त सोडला. "जरा सैलच करते."

ओन्जाचं लक्ष टेबलापलीकडे गेलं. काळी पडलेली दोन बर्नरची शेगडी होती, तिच्यावर जाड बुडाचं लोखंडी भांडं.

"कोट इकडे आहे," मावशी म्हणाल्या. "मघापासून माझ्या शेगडीकडे काय बघतेस?"

"तिला भात करपवायचाय," फेंग म्हणाला.

मग ओन्जाने सांगितलं. आधी पाण्याचं, मग फुंकरीचं, आणि मग न थांबता बाकीचंही. भावाचा फोन, अडकलेलं चित्र, हाताला न लागलेलं कापड. आई दारात येऊन काय म्हणते, तेही. दोन वर्षं या भाषेत ती फळ्यावरची गणितं बोलली होती. एवढं कधी बोलली नव्हती. चुकत होती, अडखळत होती. फेंगने तोंडातली बी गिळली.

निंगमावशींनी कोट पुरा केला. त्यावर शाईने बटणं काढली. मग त्यांनी कपाटातून आणखी एक कागद काढला, लाल, आणि कात्री उचलली.

"तुझी आई अंगाने कशी होती? भरलेली की बारीक?"

ओन्जाने आपल्या खांद्याशी हात धरला. "बारीक," ती म्हणाली. "माझ्या खांद्याला लागायची."

"खांद्यात सैल चालेल ना?"

"आमच्यात कोट नसतो, मावशी. कापड असतं. अखंड. गुंडाळतात."

"बरंय की. कात्री वाचली." त्यांनी कात्री खाली ठेवली आणि लाल कागद तसाच्या तसा ओन्जासमोर सरकवला. "घाल कापूस. तुझ्या हाताने घाल. आणि कंजुषी करू नकोस, गिरणीतलाच आहे."

ओन्जाने कापूस घातला. एक थर, त्यावर दुसरा. कडा दुमडल्या, खळीने चिकटवल्या, तळव्याने दाबल्या. आठ महिने जे हात रिकामे होते त्यांना काम मिळालं होतं. ती रडत होती. मोठ्याने रडत होती, आणि त्या घरात तिला कुणी गप्प बस म्हटलं नाही.

खाली आले तेव्हा आभाळात अजून उजेडाची एक पट्टी होती. मावशींनी स्कूटरींपासून चांगलं लांब, ओन्जाकडे एकदा जळजळीत बघून, खडूने दोन गोल काढले. पहिल्या गोलाला पूर्वेच्या टेकड्यांकडे तोंड ठेवलं. म्हातारा तिकडे पुरला होता.

"दार ठेवावं लागतं. नाहीतर कपडा आतच राहतो. तुझं गाव कुठल्या बाजूला?"

ओन्जाला सांगता येईना. फेंगने फोनवर होकायंत्र काढलं, नकाशा काढला, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि शेवटी औषधाच्या दुकानाकडे बोट केलं. "त्या तिकडे. नैऋत्य. समुद्राच्याही पलीकडे."

"समुद्रसुद्धा आहे?" मावशींनी वाकून खडूची रेघ पायाने आणखी थोडी पुसली. "मग दार मोठं हवं."

आधी गोलाबाहेर मूठभर कागद पेटवले, वाटेवरच्या बेवारशांसाठी, म्हणजे ते आतल्या कपड्यांवर झडप घालत नाहीत. मग कोट पेटला. मावशी काठीने तो उलटत म्हातारबांना म्हणाल्या, "घे. सैल आहे. आता तक्रार करायची नाही." आणि पेल्यातली दारू ओतली.

मग लाल कागद. कडेने पेटला, आतला कापूस हळूहळू धुमसला.

"हाक मार तिला. नावाने. तुमच्या बोलीत, माझ्या बोलीत तिला काय कळणार?"

"रासोआ," ओन्जाने हाक मारली. मग, "आई."

"आता पाठवणाऱ्याचा पत्ता सांग. तो सांगावा लागतो. नाहीतर ती म्हणेल, कुणाचा कपडा हा, आणि हातसुद्धा लावणार नाही. बायका तशाच असतात."

वसतिगृहाचा सांगायचा? ते महिनाअखेर रिकामं होणार. गावचा सांगायचा? भाऊ कामाला बाहेरगावी, त्या घराला कुलूप होतं. कागद निम्मा जळला होता.

"माझ्याकडे पत्ता नाही, मावशी."

फेंग जमिनीकडे बघायला लागला. निंगमावशींनी राखेत काठी आपटली.

"कपडा जळून चाललाय आणि ही उभी राहिलीये! म्हण माझ्यामागे. शिआन शहर. पूर्वेची कापडगिरणी वसाहत."

ओन्जा त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हण म्हणते ना!"

ओन्जाने म्हटलं. आपल्या बोलीत, विस्तवाकडे तोंड करून.

"इमारत नऊ. दुसरा जिना. तिसरा मजला. डावीकडचं दार."

इमारत नऊ, ओन्जाने आईला सांगितलं. दुसरा जिना. तिसरा मजला. डावीकडचं दार. लाल कागदाची शेवटची कड वाऱ्याने उचलली आणि औषधाच्या दुकानाच्या दिशेने नेली.

"मावशी," फेंगने घसा साफ केला, "मग ती चौकी..."

"उद्या सकाळी जाऊ. मध्येमध्ये बोलू नकोस." त्या पुन्हा ओन्जाकडे वळल्या. "आणि शेगडी आहे म्हणावं."

ओन्जाने तेही सांगितलं.