पान तेविसावरचे चाळीस अंश

क्लबात मला ‘बहुतेक’ म्हणतात. तोंडावर ‘काका’ म्हणतात, पण मी जिना चढू लागलो की खालच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून कोणीतरी वर ओरडतं, "बहुतेक आले!" मला राग येत नाही. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. स्वतःच्या वाक्याला पूर्णविराम द्यायला मात्र हात धजत नाही.

गुडघे होते तोवर मी डोंगरावर हिंडलो. चढणारा म्हणून यथातथाच होतो, पण पावलं मोजायचो आणि होकायंत्राचे अंश वहीत टिपायचो. त्या वह्यांवरून क्लबाने यंदा वाटांची पुस्तिका छापली. क्लबाच्या सेक्रेटरी दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी माझ्या मजकुरातले सगळे ‘बहुतेक’ उपटून काढले. अकरा होते.

"काका, ही वाटांची पुस्तिका आहे की हवामानाचा अंदाज? धुक्यात अडकलेल्या माणसाला ‘बहुतेक डावीकडे’ सांगणार का?"

मला पटलं. मला सगळ्यांचंच पटतं.

त्या रविवारी सेटवर माझी पाळी होती. क्लबाच्या खोलीत वायरलेस सेटसमोर बसायचं आणि वर गेलेल्या तुकडीशी दर तासाला बोलायचं, एवढंच काम. वरचे लोक बॅटरी वाचवायला तासाच्या ठोक्याला पाच मिनिटंच सेट चालू करतात. बाकी वेळ तो पिशवीत मुका पडलेला असतो. मोबाइल तिकडे लागत नाही.

वर माझी भाची होती, आणि तिच्या दोरावर आणखी तिघं, त्यातला एक आमचा बेकरीवाला. पूर्वेच्या धारेने पठारावर चढायचं, खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या राशीपाशी पोचायचं आणि नैर्ऋत्येच्या घळीतून खाली यायचं, असा बेत होता. घळ त्या चौघांपैकी कोणीच पाहिलेली नव्हती. पुस्तिका होती ना.

एक वाजता तिचा आवाज आला. "मामा, राशीपाशी आहोत. धुकं असं भरलंय की स्वतःचे बूट दिसत नाहीत. बेकरीवाल्याच्या पोटरीत गोळा आलाय, तो जरा चोळून घेतो नि निघतो. पान तेवीस ना रे?"

"हो. आणि सुईवर विश्वास ठेव, डोळ्यांवर नको."

"तुझंच पेटंट वाक्य. माहितेय. दोनला बोलू."

सेट बंद झाला. तिच्याबरोबर आपणही आहोत असं वाटावं म्हणून मी पुस्तिका उघडली. पान तेवीस, उतरण : ‘राशीपासून ४० अंश धरून चारशे पावले. घळीचे तोंड.’ बरं वाटलं. मग जुनी खोड म्हणून पान उलटून एकविसावर गेलो. घळीतून चढण : ‘घळीच्या तोंडापासून ४० अंश धरून चारशे पावले. दगडांची रास.’

मी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग ओळीखाली पट्टी धरून वाचल्या, छापखान्यात वाचायचो तशा.

जायची दिशा आणि यायची दिशा एकच कशी असेल? माघारी येताना चाळिसात एकशेऐंशी मिळवायचे असतात. दोनशेवीस. दोनपैकी एक आकडा चूक होता. आणि तेविसावरचा चूक असेल, तर ती घळीकडे पाठ करून चालणार होती. त्या बाजूला तीनशे पावलांवर पठार संपतं. तिथून खाली दोनशे मीटर काहीच नाही. आणि पुस्तिकेत चारशे पावलं लिहिली होती.

घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं झाली होती.

डॉक्टरीणबाई खाली सतरंजीवर बसून दोर तपासत होत्या. वीत वीत दोर बोटांतून सोडायचा, कुठे मऊ लागतोय का बघायचं. मी म्हणालो, "बाई, मला वाटतं, बहुतेक, एक चूक झालीय."

"काका, तुम्हाला रोज वाटतं. परवा ‘ऱ्हस्व’ शब्द कसा लिहायचा म्हणून मला दवाखान्यात फोन केलात. माझ्या पेशंटच्या तोंडात यंत्र होतं."

मी पुस्तिका त्यांच्यापुढे धरली. दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. एकवीस, मग तेवीस. दोर मांडीवरून घसरला.

"ते निघाले?"

"बेकरीवाल्याची पोटरी चोळून निघणार होते."

त्यांनी सेट उचलला, तीन वेळा हाक मारली. नुसती खरखर. पुन्हा तीन वेळा. मग त्या भिंतीवरच्या नकाशापाशी गेल्या. "घळ नैर्ऋत्येला आहे काका. तेवीसच चुकलंय."

"नकाशात रास दाखवलेली नाही. मी रास नक्की कुठली धरली होती? माझी मूळ वही बघायला हवी."

वही घरी होती. घरी माझी थोरली बहीण असते, म्हणजे वर गेलेल्या मुलीची आई. मी फोन लावला.

"ताई, माझ्या कपाटात निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यावर सात आकडा आहे."

"अरे, जेवायला बसले होते. तुझं कपाट उघडायचं म्हणजे अंगावर दरड कोसळते." पावलांचा आवाज, पुस्तकं पडल्याचा आवाज. "हं. सात. काय वाचू?"

मी सांगितलं. तिला चष्मा सापडेना. तो कपाळावरच होता. एक वाजून पस्तीस.

"हे बघ, ‘चढताना चाळीस.’ पुढे ‘उतरताना दोनशेवीस.’ मग ते दोनशेवीस खोडलंयस. लाल पेनाने. वर चाळीस लिहिलंयस. बाजूला इवल्या अक्षरात ‘एकशेऐंशीचा फरक करायचा राहिला होता, केला.’ हे काय रे?"

मला ती संध्याकाळ आठवली. पुस्तिका छापायला जाण्याच्या आधीची. वहीत सगळं बरोबर होतं. बारा वर्षांपूर्वी डोंगरावरच मी फरक करून ठेवला होता. पण मला शंका आली की तो करायचा राहिलाय. म्हणून मी पुन्हा केला. दोनदा फिरवलं की माणूस पुन्हा मूळ दिशेलाच तोंड करून उभा राहतो. दुसऱ्या कोणाला ही चूक जमली नसती. त्याला शंकाच आली नसती.

"तुझा आवाज असा का येतोय?" ताई म्हणाली. "पोरगी ठीक आहे ना?"

"ठीक आहे. एक वाजता बोललो."

"दोनला बोललास की मला सांग."

"सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. मी ताईशी आयुष्यात फार वेळा खोटं बोललेलो नाही. आणि हेही धड खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी डोंगराच्या पायथ्याच्या चौकीला फोन केला. तिथून माणूस वर पोचायला चार तास. मग करण्यासारखं काही उरलं नाही. चारशे पावलांना धुक्यात किती वेळ लागतो? दहा मिनिटं, बारा. पोटरी चोळायला किती? मी हेच उलटसुलट मोजत बसलो. खालच्या दुकानात कोणीतरी चाक फिरवून बघत होतं. ते थांबेपर्यंत टिकटिक यायची, मग पुन्हा फिरवायचे. भाची पाच वर्षांची असताना मी तिला अंगणात होकायंत्र शिकवलं होतं. डोळे बांधून ती आंब्यापासून विहिरीच्या कठड्याकडे चालत यायची, आणि ‘थांब’ म्हटलं की थांबायची. माझ्या शब्दावर ती कधी एक पाऊल जास्त टाकत नसे. कमीही नाही.

दोन वाजले. बाईंनी हाक मारली. खरखर. एक मिनिट. दोन. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. तिसऱ्या मिनिटाला सेट बोलला.

"मामा? ऐकू येतंय?"

बोलायचं बटण दाबायचंच मी विसरलो. बाईंनी माझ्या पाठीत चक्क गुद्दा घातला.

"थांब," मी म्हणालो. "जिथे आहेस तिथे थांब. सगळे थांबा."

"थांबलोच आहोत. बेकरीवाल्याने पाऊण तास खाल्ला, आत्ता निघालो. दोनशेसाठ पावलं झाली, दोन वाजले म्हणून उभे राहिलो." मग आवाज हळू झाला. "मामा, समोरून खालून वारा येतोय. वर येतोय."

"खाली बसा. दोरात आहात ना?"

"आहोत."

"पान तेवीस चूक आहे. माझी चूक आहे. चाळीस नाही, दोनशेवीस. आहात तिथूनच दोनशेवीस धरा. दोनशेसाठ पावलांवर पुन्हा रास लागेल. रास लागली नाही तर पुढे जाऊ नका. लागली तर तोच अंश धरून चारशे पावलं. घळ."

मागे कोणाचा तरी हुंदक्यासारखा आवाज आला, आणि ती त्याला काहीतरी म्हणाली. मग मला म्हणाली, "मामा, नक्की?"

वही सांगत होती, नकाशा सांगत होता. तरीही माझ्या डोक्यात कोणीतरी लाल पेन उघडून बसलं होतं. रास दुसरी असेल तर? बारा वर्षांपूर्वीच सुई चुकली असेल तर? जिभेच्या टोकावर तो शब्द आला होता. माझ्या तोंडून तो निघाला असता तर ती तिथेच, त्या वाऱ्यात, विचार करत बसली असती.

"नक्की," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. सेट बंद झाला.

त्यानंतरचा तास मी सांगू शकत नाही. बाईंनी तोच दोर पुन्हा पहिल्यापासून तपासला. ताईचा फोन दोनदा वाजला. दुसऱ्यांदा मी उचलला आणि खरं काय ते सांगितलं. तिने फोन ठेवला नाही. तीन वाजेपर्यंत मला तिचा श्वास ऐकू येत होता.

तीन वाजता भाची म्हणाली, "रास लागली, दोनशेएकावन्न पावलांवर. आता घळीत आहोत. खाली ओढा दिसतोय." मी फोन सेटजवळ धरला. ताईने ऐकलं आणि मग फोन ठेवला. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. मला तेही पटलं.

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आणल्या : ‘पान २३ वर ४० ऐवजी २२० वाचावे.’ प्रती विकत घेणाऱ्यांची यादी त्यांनी स्वतः फोन करून संपवली. उरलेल्या तीनशे प्रतींत चिठ्ठ्या डकवायला भाची माझ्यासमोर बसली. मी डिंक लावायचो, ती चिठ्ठी बसवायची.

"मामा," ती मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी तुला खरंच खात्री होती?"

"नव्हती."

तिने चिठ्ठी दाबून बसवली. कडेला आलेला डिंक पुसला. माझ्या हातात पुढची चिठ्ठी होती, आणि दोनशेवीसमधून एकशेऐंशी वजा करून बघावेत असं मला फार वाटत होतं. मी चिठ्ठी तिच्याकडे सरकवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

"तू बघ एकदा," म्हणालो. "मी नाही बघत."