बघून पण येतं

सिरसाळ्यात गहिनीनाथ सरांचा कॉम्प्युटर क्लास सतरा वर्षं चालला आणि चार वर्षांपूर्वी बंद पडला. पोरं मोबाइलवरच सगळं शिकतात, असं ते लोकांना सांगत. खरं म्हणजे नवीन शिकवण्यासारखं त्यांच्यापाशीच काही उरलं नव्हतं. म्हणून मे महिन्यात शाळेच्या भिंतीवर ‘क्लाउड कॉम्प्युटिंगची ओळख, एक दिवस, मोफत, कुणीही या’ असा कागद लागला, तेव्हा त्यांनी लगेच नाव नोंदवलं. फॉर्मवर ‘पूर्वीचा अनुभव’ असा रकाना होता. त्यात त्यांनी लिहिलं, संगणक शिक्षक, सतरा वर्षे.

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्या बाकावर बसले. माणसं चोवीस, लॅपटॉप बारा. दोघांत एक. सरांच्या शेजारी बचत गटाच्या बायनाबाई बसल्या. वय साठीच्या घरात. गटाच्या शेवया बाहेरगावी विकल्या जाव्यात म्हणून कार्यक्रम भरवणाऱ्या शहादेवनं त्यांना आग्रहानं बोलावलं होतं.

शिकवणारी मुलगी पुण्याहून आली होती. शहादेवनं ओळख करून दिली, “ह्या रोहिणीताई. पुण्यात मोठ्या कंपनीत हायत. पण आपल्याच गावच्या. म्हाळूभाऊच्या थोरल्या.”

सरांना म्हाळू आठवला. दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जायचा. पोरगी काही आठवेना. पण तिनं सरांना पाहिलं आणि हातातली वायर तशीच ठेवून ती बाकापाशी आली.

“सर, तुम्ही?” तिनं वाकून नमस्कार केला. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, “मी आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर बघितला, तो सरांच्या क्लासमध्ये.”

टाळ्या वाजल्या. सर अर्धवट उठून हात जोडून बसले. बायनाबाईंना हळूच म्हणाले, “आमची विद्यार्थिनी.”

रोहिणीनं शिकवायला सुरुवात केली. क्लाउड म्हणजे ढग, पण हा ढग आहे तरी कुठं, असं तिनं विचारलं. सरांना गप्प राहणं जमेना.

“सॅटेलाइटमध्ये,” ते मोठ्यानं म्हणाले. “आपला डेटा वर सॅटेलाइटमध्ये साठवतात.”

“बऱ्याच जणांना तसं वाटतं, सर,” रोहिणी म्हणाली. “पण तो जमिनीवरच असतो. मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारतींत हजारो कॉम्प्युटर ठेवलेले असतात. आपण घरी जनरेटर ठेवत नाही, तारेवरून वीज घेतो. तसंच हे. कॉम्प्युटर त्यांचा, काम आपलं.”

मागून कुणीतरी हसलं. सरांनी चष्मा पुसला.

मग प्रत्यक्ष काम आलं. प्रत्येकानं आपलं एक साधं पान बनवायचं, त्यावर नाव आणि दोन ओळी लिहायच्या आणि ते क्लाउडवर चढवायचं. “फाइल जिथं ठेवायची त्याला बकेट म्हणतात,” रोहिणी म्हणाली. “बादलीच समजा. बादली घ्या, तिला नाव द्या, फाइल आत टाका आणि झाकण उघडं ठेवा, म्हणजे जगाला दिसंल.” सगळे हसले आणि कामाला लागले.

सरांनी लॅपटॉप आपल्यापुढं ओढला. झालेली फजिती त्यांना भरून काढायची होती. पण पडद्यावरची एकही गोष्ट ओळखीची नव्हती. एक बादली करायला घेतली, तिचं नाव चालेना. दुसरी केली, ती सापडेना. घाम पुसत ते एकामागून एक बटणं दाबत राहिले. अर्धा तास गेला.

“सर, मला पण जरा दाबू द्या की,” बायनाबाई म्हणाल्या.

“थांबा. बिघडून बसंल. तुमी बघा नुसतं. बघून पण येतं.”

बोलून झालं आणि त्यांना जाणवलं की मागं कुणीतरी उभं आहे. त्यांनी मान वळवली. रोहिणी होती. ती क्षणभर त्यांच्याकडे बघून पुढच्या बाकाकडे गेली.

तेव्हा सरांना ती आठवली.

तेरा-चौदा वर्षांची पोर. आईबाप कारखान्यावर, ही आजीजवळ. तिची वेळ पाच ते सहा होती. क्लासातले पाचच कॉम्प्युटर चालायचे आणि बरोबर पाचला भगवानरावांचा मुलगा यायचा. भगवानराव गावातलं मोठं नाव, त्यांच्या पोराला थांबा कसं म्हणायचं? सरांनी पहिल्या दिवशी रोहिणीला उठवलं. “तू मागं बस. बघ. बघून पण येतं.” दुसऱ्या दिवशी ती न सांगता मागं बसली. तीन महिने तशीच बसली. पोरगा गाडीच्या शर्यतीचा गेम खेळायचा आणि ती बघायची. संध्याकाळी कॉम्प्युटर पुसायचं काम सर तिला देत. तेवढाच तिचा हात लागेल, असं त्यांना वाटे आणि आपण दयाळू आहोत असंही वाटे. परीक्षेच्या दिवशी तिच्या जागी बसून त्यांनीच उत्तरं भरली होती. क्लासचा निकाल शंभर टक्के लागला होता.

आणि आज ती म्हणाली होती, ‘बघितला’. शिकले असं म्हणाली नव्हती. आपण मात्र उठून हात जोडले होते. सरांचे कान तापले.

जेवणाआधी शहादेवनं माइक घेतला. “आपल्या गावाचे पहिले कॉम्प्युटर गुरुजी इथं हायत. त्यांचा सत्कार त्यांच्याच विद्यार्थिनीच्या हातून करू.” सर नको म्हणत होते, पण लोकांना तो विनय वाटला. रोहिणीनं त्यांच्या खांद्यावर शाल घातली. तिची नजर शालीच्या काठावर होती. शहादेवनं माइक पुढं केला.

सरांना सांगायचं होतं. शब्दसुद्धा जुळले होते. पण समोर सारं गाव बसलेलं होतं. “विद्यार्थी मोठे झाले की शिक्षकाला सगळं मिळालं,” ते म्हणाले आणि खाली बसले. पुन्हा टाळ्या. मे महिन्यातल्या दुपारी ती शाल अंगावर ठेवावी की काढावी, हेही त्यांना ठरवता येईना.

जेवणं झाली. रोहिणी हात धुवायला पाण्याच्या टाकीपाशी गेली, तसे ते मागोमाग गेले.

“रोहिणी,” ते म्हणाले आणि अडखळले. तिला तू म्हणायचा हक्क आपल्याला आहे का, कळेना. “तुमी सकाळी म्हणालात, कॉम्प्युटर बघितला. मुद्दाम म्हणालात का?”

तिनं नळ बंद केला. “न्हाई सर. तोंडात ‘शिकले’ असंच आलं होतं. पण म्हणवलं न्हाई.”

“चुकलं माझं. लई चुकलं.”

ती हळू आवाजात बोलू लागली. “कॉलेजात पहिल्या प्रॅक्टिकलला मी माऊस उलटा धरला, सर. बाण मी हलवीन तिकडं जाईना. आणि सर्टिफिकेटवर अठ्ठ्याऐंशी टक्के. मॅडमनं वर्गात विचारलं, हे कुठून आणलं? समदी पोरं हसली. लई दिवस मला वाटायचं, दोष माझाच हाय. बघून येतं म्हणतात, तर सगळ्यांना येत असंल. मलाच येत न्हाई.”

सरांनी टाकीच्या कठड्याला हात टेकवला. आपण विसरून गेलो होतो आणि ही पोर ते ओझं इतकी वर्षं वाहत होती. आपली लाज तिनं स्वतःची म्हणून सांभाळली होती.

“मग नमस्कार कशाला केलात?” न राहवून त्यांनी विचारलं.

“सवयीनं,” ती म्हणाली. मग रुमालाला हात पुसत, “सर, राग न्हाई असं मी म्हणणार न्हाई. पण मी भांडायला आलेली न्हाई. बायनाबाईंचं पान तेवढं होऊ द्या.”

आणि ती आत गेली.

सर बाकावर परतले. शाल घडी करून त्यांनी खाली पिशवीत कोंबली. लॅपटॉप बायनाबाईंपुढं सरकवला. “तुमी करा,” ते म्हणाले. “मी बघतो.”

बायनाबाईंनी एका बोटानं अक्षरं शोधायला सुरुवात केली. ‘बा’ उमटायला दोन मिनिटं लागली. काना कुठाय ते सरांना दिसत होतं, हात आपोआप पुढं जात होता आणि ते तो मागं घेऊन मांडीखाली दाबत होते. एक तास त्यांनी असा काढला. एवढा वेळ नुसतं बघत बसणं किती जड जातं, हे त्यांना बावन्नाव्या वर्षी कळलं. त्यांना निदान पहिला बाक होता आणि पंखा होता.

बायनाबाई अडल्या की हात वर करून रोहिणीला बोलवत. ती येई, बोटानं जागा दाखवी, पण बटण बायनाबाईंनाच दाबायला लावी. चारच्या सुमाराला त्यांच्या स्वस्तातल्या मोबाइलवर पान उघडलं. हातच्या शेवया, गव्हाच्या, बायनाबाईंचा गट, सिरसाळा. त्या बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पुण्यात बसून पण हे दिसंल?”

“कुठंबी दिसंल, मावशी,” रोहिणी म्हणाली. सरांकडे तिनं पाहिलं नाही.

“आता सर, तुमचं करा,” बायनाबाईंनी लॅपटॉप सरकवला. पण वेळ संपत आली होती. शहादेव मागच्या बाकांवरून लॅपटॉप गोळा करत येत होता. सरांनी खिशातून वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं.

“बादलीला नाव दिल्यावर तुमी काय दाबलंत?” त्यांनी विचारलं.

“निळं बटण. मग ती खूण काढायची, झाकणाची.”

“कोणती खूण? सावकाश सांगा.”

बायनाबाई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. मधे दोनदा त्यांनी पुन्हा विचारलं. शहादेव बाकापाशी येऊन थांबला.

“सर, तुमचं पान झालं का?”

“न्हाई,” सर म्हणाले. मागच्या बाकावरच्या लोकांनाही ऐकू गेलं. “बायनाबाईंचं झालं. मला आलं न्हाई.”