धुळाप्पानं टांगलेला भोंगा

"हुर्र हाऽऽ! खावा की मेल्यांनू, तुमाला तरी कोण अडीवतंय!"

रानातल्या माळ्यावर उभी राहून केराबाई गोफण फिरवत होती आणि पाखरांच्या नावानं स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत होती. पौषातलं ऊन लख्ख पडलेलं, शाळू डोईएवढा वाढलेला, कणसं हुरड्यात आलेली. असं रान बघून कुणाचाही जीव सुखवावा. केराबाईचा मात्र सुखवत नव्हता. नवरा गेल्यापासनं दिवस ह्या माळ्यावर आणि संध्याकाळ चुलीपुढं. माहेरी जाते म्हटलं की सासू बनाबाईच्या पायात गोळे यायचे. फोन मागितला तर दीर धुळाप्पा म्हणायचा, "वैनी, घरातल्या बाईला फोन कशाला वो?" असा राबता हात कोण सोडतंय!

बांधापलीकडचं रान यंदा शेजारच्या गावच्या बिरुदेवानं वाट्यानं केलं होतं. हा बिरुदेव म्हणजे तोच. केराबाईच्या लग्नाआधी त्यानंच तिला मागणी घातली होती. बापानं विचारलं होतं, "पोरी, बिरुदेव का हे जमीनवालं घर?" आणि ही बया मान खाली घालून गप्प बसली! बापानं आपल्या मनाजोगता अर्थ लावला आणि तिला इथं देऊन टाकली. आता बिरुदेवाची बायकोही काविळीनं गेली होती.

आज तो बांधावर येऊन उभा राहिला.

"केरा, ऐक. उद्या रैवार. सांजच्याला भन मला बाई दावाया नेतीया. आपल्यात नवरा गेलेल्या बाईचा पाट लावत्यात, त्यात चोरी कसली? व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण. पर बोल, बाई. मागल्या खेपंला गप बसलीस, त्यात दोगांचं बी वाटुळं झालं."

केराबाईच्या तोंडाशी शब्द आला आणि तिथंच अडकला, कारण बांधाच्या कडेनं धुळाप्पा येत होता. बिरुदेव खाली मान घालून आपल्या रानात वळला. मेलं माझं तोंड, असं केराबाईला वाटलं आणि डोळे भरून आले.

धुळाप्पानं बिरुदेवाला बघितलं होतं. दिवस मावळायच्या आत तो तालुक्याला जाऊन एक भोंगा घेऊन आला.

"उद्यापास्नं माळ्यावर जायाचं न्हाय, वैनी. ह्यात एकदा वरडा, दिसभर ह्योच वरडतोय. सोलार हाय, उनावर चालतोय. तुमी घरात बसा, आयचं पाय चेपा."

"तुमीच वरडा की, भावजी."

"माझ्या आवाजाला पाखरं हसत्याल. तुमचा लई लांब जातोय."

केराबाईनं भोंगा उचलला. "गोठ्यामागं जाऊन भरते. हितं भांड्यांचा आवाज लागंल."

थोड्या वेळानं ती परत आली आणि भोंगा धुळाप्पापुढं ठेवला. मावळतीच्या उनात धरून धुळाप्पानं बटण दाबलं. "हुर्र हाऽऽ! हाल्या हाल्या हाऽऽ!"

"झ्याक!" म्हणून त्यानं तेवढ्यावरच बंद केला. सकाळी ऊन यायच्या आत त्यानं बटण चालू करून ठेवलं आणि भोंगा घराला लागूनच्या रानात उंच बांबूच्या शेंड्याला तारेनं करकचून आवळला, चोरीबिरी नको म्हणून. मग गाडीला किक मारून बाजाराला गेला.

ऊन चढलं. भोंगा ओरडायला लागला. हुर्र झालं, हाल्या झालं. आणि मग अख्ख्या शिवारात केराबाईचा आवाज घुमला, "बिरुदेवाऽऽ, म्या केरा बोलते! व्हय! पाटाला म्या तयार हाय! पंचांफुडं सांगते, पावण्यांफुडं सांगते. व्हय!"

हरभरा उपटणाऱ्या बाया ताठ उभ्या राहिल्या. तोवर पुन्हा हुर्र, पुन्हा हाल्या आणि पुन्हा, "बिरुदेवाऽऽ!"

अंगणात केराबाईनं भाकरी थापता थापता पदर पुढं ओढला. बोलले खरं, आता काय होतंय!

ओसरीवरून बनाबाईनं कान टवकारले. "केरे, ह्यो तुझाच आवाज न्हवं गं?"

"व्हय, आत्ती."

म्हातारीनं पाय पोटाशी ओढले. मग म्हणाली, "तू गेल्यावर मला भाकरी कोण घालंल?"

"तुमचा ल्योक हाय की, आत्ती."

म्हातारीचं तोंड वाकडं झालं. पण उठून दार काही तिनं अडवलं नाही.

कुणीतरी धुळाप्पाला फोन केला असणार. तो भर दुपारी धुरळा उडवत आला आणि शिडी लावून बांबूला भिडला. तार सुटता सुटेना, आपल्याच हातानं आवळलेली! आणि बटण भोंग्याच्या पलीकडच्या अंगाला. ऊन असं कडक की भोंग्याला दम लागायचं नाव नाही.

"वैनी, ह्यो बंद करा!" तो वरून ओरडला. कानाशी भोंगा म्हणाला, "व्हय!"

केराबाईनं तवा उतरवला, विस्तवावर पाणी मारलं, पदर खोचला आणि शाळवातनं सरळ बांधाकडं निघाली. बिरुदेव तिथंच उभा होता, टोपी हातात घेऊन, तोंडभर हसत.

"काल का गं बोलली न्हाईस?"

"बोलणार हुते की! पर तितं दीर हुता."

"अन् आज?"

केराबाईनं मागं बांबूकडं बघितलं. धुळाप्पा शिडीवर अजून तारेशी झटत होता.

"आज बी हाय," ती म्हणाली, आणि बांध ओलांडून पलीकडं गेली.