न दुखणारा हात

मी डावा हात बोलतोय. खरा नाही, रबरी. जुन्या कारखान्यात ताईचा हात यंत्रात गेला, तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीच्या हातावरून माझा साचा घेतला. कारागिरानं नखं, रेषा, एक तीळसुद्धा हुबेहूब उतरवला. "कुणाला पत्ता लागणार नाही," तो म्हणाला. ताईला तेवढंच हवं होतं.

दिसायला मी देखणा, कामाच्या नावानं मात्र बोंब. माझी बोटं मिटत नाहीत. कापड सरकू नये म्हणून मला त्यावर ठेवायचं, एवढाच माझा उपयोग. लांब बाह्या घालून ताई नव्या शिवणकारखान्यात इस्त्रीच्या कामाला लागली. तिथं तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं तर ठेवणार नाहीत, ही धास्ती.

एक दिवस बोलण्याच्या नादात तिनं गरम इस्त्री थेट माझ्यावर टेकवली. तिला कळणार कसं? मला तरी कुठं कळलं! शेजारची ओरडली, "अगं, हात! हात भाजला!" सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ताईनं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग उशिरानं ती किंचाळली, "आई गं!"

त्या खोट्या किंचाळीची मला अजून लाज वाटते. कापड बेतणाऱ्या मावशींनी धावत येऊन मला नळाखाली धरलं. वितळलेलं बोट त्यांच्या हाताला चिकटलं, तशा त्या थबकल्या. मग त्यांनी पट्टी बांधली.

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मावशी पट्टी बदलतात. "दुखतंय का गं?" एकेक जण विचारते. "थोडं," ताई म्हणते. कुणी तिच्या वाटचे गठ्ठे उचलते, कुणी तिचा डबा उघडून देते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आज मावशी हळूच म्हणाल्या, "पुरे आता, पोरी. सगळ्यांना ठाऊक आहे. जळक्या रबराचा वास अख्ख्या खोलीत पसरला होता. तू सांगशील म्हणून थांबल्यात साऱ्या."

ताईनं अर्धा डबा तसाच झाकला. घरी येऊन तिनं मला उतरवलं आणि बहिणीला म्हणाली, "आता कुठल्या तोंडानं जाऊ तिथं?"

ताई, जा. मला फडताळात ठेव आणि जा. कापड दाबायला तुझं मनगट माझ्यापेक्षा कधीही बरं. मला दुखत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी त्या रोज विचारत राहिल्या. ते माझ्यासाठी नव्हतं गं.