पालथी फ्रेम

धाकटीच्या स्टुडिओत सगळं होतं. कॅमेरा होता, दोन दिवे होते, पांढरा पडदा होता आणि एका पायाने आखूड असलेलं एक स्टूल होतं. नव्हतं ते गिऱ्हाईक. आणि फोटो काढायला चेहरा लागतो हो, नुसत्या पडद्याचे किती काढणार?

खोली थोरल्या बहिणीची, घराची रस्त्याकडची. थोरलीने ती आनंदाने दिली होती, पण मुदत घालून. महिनाअखेरपर्यंत दहा गिऱ्हाइकं आली तर खोली तुझी. नाही आली तर माझ्या ऑफिसात जागा रिकामी होतेय, तिथे मुकाट्याने चिकटायचं. त्या नोकरीचा फॉर्मही तिने आणून ठेवला होता. थोरली वाईट नव्हती बरं का. बहिणीचं कसं होणार याचा तिला घोर लागला होता, आणि घोर लागलेली माणसं फॉर्म फार लवकर आणतात. धाकटी मात्र फॉर्मचं नाव काढलं की उठून पडदा झटकायला लागायची.

जाहिरातीला पैसे कुठले? होते तेवढ्यात एक तर पेपरात काडेपेटीएवढी जाहिरात बसत होती, नाही तर पाच फ्रेमा येत होत्या. धाकटीने फ्रेमा घेतल्या. रस्त्यावरच्या पाच दुकानदारांचे फोटो फुकट काढून दिले आणि त्यांच्याच दुकानांत टांगले: सलूनवाले काका, घड्याळवाले आजोबा, इस्त्रीवाली मावशी, पाववाला आणि औषधवाला. फोटो असे उतरले की घड्याळवाले आजोबा डोळ्याचं भिंग काढून बराच वेळ स्वतःकडेच बघत बसले.

आता तुम्ही म्हणाल, नाव-पत्ता? होता की! पण फोटोच्या तोंडावर एक अक्षरही उमटवायचं नाही, शिक्का मारायचा तो मागे, असं तिला फोटोग्राफी शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं होतं. बाईसाहेबांनी ते तंतोतंत पाळलं. फ्रेमच्या पाठीवर मोठा निळा शिक्का मारला, खाली फोन नंबर लिहिला, आणि ती पाठ भिंतीला लावून फ्रेम टांगून दिली. पाचही दुकानांत. धन्य आहे की नाही?

मग ती वाट बघत बसली. दुकानांत येणारे फोटोचं कौतुक करायचे, नाही असं नाही. पण सलूनवाले काका छाती पुढे काढून सांगायचे, मुळात चेहरा चांगला असला की फोटो चांगलाच येतो. बाकीचे चौघंही काही कमी नव्हते. तीन आठवड्यांत आली दोन गिऱ्हाइकं, आणि तिसरा आला तो छत्री दुरुस्त करता का विचारायला. धाकटीचा धीर सुटला. आपल्याला फोटोच काढता येत नाहीत, असं तिने ठरवून टाकलं आणि फ्रेमा परत आणायला निघाली.

पहिलं सलून. तिथे छताला रंग लागत होता आणि तिची फ्रेम भिंतीवर पालथी लटकत होती. काका वैतागलेले.

"शिंतोडे उडू नयेत म्हणून पालथी केली, तर कालपासून जो येतो तो उठून उलटवून बघतोय. अर्धी दाढी झालेला, तोंडाला साबण असलेला माणूससुद्धा उठला. वर तो शिक्का वाचून मलाच विचारतात, हा स्टुडिओ कुठे आहे. मी काय पत्ते सांगायला बसलोय?"

धाकटीने कपाळावर हात मारला आणि तशीच पळत सुटली. उरलेल्या चारही फ्रेमा तिने पालथ्या केल्या. इस्त्रीवाली मावशी जाम रुसली. एवढा चांगला चेहरा भिंतीकडे करून ठेवायचा म्हणजे काय? शेवटी एका आठवड्याच्या बोलीवर तयार झाली.

पालथी फ्रेम बघून हात आवरणारा माणूस अजून जन्माला यायचाय. शिक्का आधी वाचला जायचा, चेहरा नंतर दिसायचा. एक आजी-आजोबा आले, जुळ्यांना घेऊन एक बाप आला, अर्ध्या दाढीवाला पूर्ण दाढी करून आला. धाकटी प्रत्येकाला आधी बजावायची, डावीकडे रेलू नका, स्टूल हलतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी थोरली ऑफिसातून थेट स्टुडिओत आली. हातात तो फॉर्म.

"किती झाली?"

"नऊ."

बाहेर रस्त्यावर कोणी थांबतंय का, हे दोघींनीही एकदा बघून घेतलं. कोणी नव्हतं. धाकटीचा चेहरा एवढासा झाला. थोरलीने पर्स बाजूला ठेवली आणि स्टुलावर जाऊन बसली. ही बाई म्हणजे घरातल्या प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी पाठीमागे लपलेली. स्टूल डुगडुगलं.

"हलतंय गं हे," ती म्हणाली. उठली, फॉर्मची चार घड्या केल्या, वाकून आखूड पायाखाली सरकवला आणि पुन्हा ताठ बसली. "हं, काढ आता. आणि पैसे घ्यायचे माझ्याकडून, नाही तर गिऱ्हाईक मोजलं जाणार नाही."

धाकटीने कॅमेरा डोळ्याला लावला. पहिला फोटो हललेला आला. स्टूल जागचं हललं नव्हतं, धाकटीचाच हात हलला होता.