दुपारचे सुरुंग

धाकट्याने चहाचे कप बाजूला सारून बांधकामाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं. साखरेचा डबा, चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा. चौथ्या कोपऱ्यासाठी त्याने थोरल्या बहिणीच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"अरे, मी रविवारची दोन घास खायला आलेय," ती म्हणाली.

"खाल्लेस ना? मग आता बघ."

बघण्यासारखं नवीन काही नव्हतं. ही दोन मजल्यांची कथा ती वर्षभर फोनवर ऐकत होती. शाळा बाबांनी बांधलेली, आता हा मुख्याध्यापक. मुलं वाढली होती, निम्मे वर्ग पत्र्याखाली भरत होते आणि याला आहे त्या इमारतीवर आणखी दोन मजले चढवायचे होते. इंजिनिअरने सांगून ठेवलं होतं की भूकंपाच्या नव्या नकाशात गाव पिवळ्या पट्ट्यात राहिलं तर जुने खांब थोडी डागडुजी करून चालतील. नारिंगी झालं, तर वर वीटही ठेवायची नाही. आणि तो नकाशा तयार करणाऱ्या गटाची प्रमुख होती थोरली. हरकतींसाठी मसुदा कधीच जाहीर झाला होता. गाव पिवळं होतं. उद्या अंतिम प्रत सरकारला द्यायची, की धाकट्याचे गवंडी कामाला लागायला मोकळे.

"पिवळं म्हणजे येणारच नाही ना?"

"येणारच नाही असं कुठेच नसतं."

"मग कधी येईल?"

तिने डोळे मिटून घेतले. हा प्रश्न तिला दूधवाल्याने विचारला होता, बँकेतल्या बाईने विचारला होता, दाढ काढताना डॉक्टरनेही विचारला होता, तेव्हा निदान तोंडात चिमटा असल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नव्हतं.

"आम्ही दिवस सांगत नाही. पन्नास वर्षांत इथली जमीन किती जोरात हलू शकते आणि तशी शक्यता किती, एवढंच सांगतो."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही माहीत."

"मग पगार कशाचा घेतेस?"

भावजय स्वयंपाकघराच्या दारात हसली. थोरलीला हसू आलं नाही. गेला आठवडाभर तिने बारा तज्ज्ञांना एका खोलीत कोंडून कुठल्या सूत्राला किती वजन द्यायचं याचा खल केला होता. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करणारी माणसं तिला त्यांच्यापेक्षा समजूतदार वाटली असती. त्या खोलीतून ती इथे आली होती, आणि इथे हा.

"तुझ्या शाळेत किरकोळ भांडणं किती होतात, त्यावरून वर्षात डोकी फुटण्याचे प्रसंग किती येतील, याचा तुला अंदाज येतो की नाही?"

"येतो की."

"आमचंही तसंच. लहान धक्के मोजायचे. कुणाला कळतही नाहीत असे. ते जिथे जास्त, तिथे मोठ्याची शक्यता जास्त."

"आणि आपल्याकडे लहान कमी आहेत."

"कमी आहेत."

"हे असं सोपं सांगत जा ना. उगाच पन्नास वर्षं आणि काय काय."

तेवढ्यात काचेच्या कपाटातल्या बश्या किणकिणल्या. अगदी हलक्या, दारावरून अवजड गाडी गेल्यावर वाजतात तशा. भावजयीने मान वर केली नाही.

"सुरुंग," ती म्हणाली आणि टेबल पुसत राहिली.

थोरलीनेही घड्याळाकडे बघून मान डोलावली. दुपारची वेळ, खाणीचं काम चालू असणार. सुरुंगांचे हादरेही यंत्रांवर धक्क्यांसारखेच उमटतात, म्हणून खाणीच्या आसपासचे सगळे लहान धक्के हिशेबातून आपोआप वगळले जात. कार्यालयात त्या प्रोग्रॅमला चाळणी म्हणत. ती चाळणी तिनेच बसवली होती. तेव्हा तिचं कौतुक झालं होतं, आणि त्याचा तिला आजही थोडा अभिमान होता.

धाकटा खर्चावर घसरला होता. सिमेंट महागलं, मजूर मिळत नाहीत, आणि खडी तर घाटापलीकडून आणावी लागते.

"घाटापलीकडून? खाण उशाशी असताना?"

"कुठल्या जमान्यात आहेस ताई? खाण बंद पडून किती वर्षं झाली. पाणी भरलंय तिथे. पोरांनी पोहायला जाऊ नये म्हणून प्रार्थनेनंतर ओरडून ओरडून माझा घसा बसतो."

थोरलीने हातातला कप खाली ठेवला.

"मग आत्ता काय वाजलं?"

धाकट्याने बायकोकडे बघितलं. बायकोने कपाटाकडे.

"आपण सुरुंगच म्हणतो," भावजय ओशाळून म्हणाली. "अहो, सवय झालीय. आधीपासून म्हणत आलोय."

"गाडी गेली असेल एखादी," धाकटा म्हणाला.

थोरलीने नकाशावरचा आपला मोबाइल उचलला, तसा तो कोपरा गुंडाळला गेला. त्याचं नेट जोडून तिथेच तिने पिशवीतला लॅपटॉप उघडला. चाळणीतून गळालेले धक्के परत आत घेणं हे चार बटणांचं काम होतं आणि इतक्या वर्षांत ते कुणी केलं नव्हतं. तिने केलं. पडद्यावर ठिपके उमटले. खाण जुनी, चालू असतानाचे ठिपके तिच्या भोवती, जमिनीलगत. पण बंद पडल्यानंतरचे तिथे नव्हतेच. ते जमिनीखाली आठ-दहा किलोमीटरवर होते आणि एका रेषेत होते. रेषा गावाखालून जात होती.

तिला स्वतःचा असा संताप आला की क्षणभर पडदा दिसेना. बारा विद्वानांनी दशांश चिन्हापुढच्या आकड्यांवरून एकमेकांच्या शेंड्या उपटल्या, आणि खाण चालू आहे का, एवढं विचारायला एकालाही फोन करावासा वाटला नाही. त्या बारांची प्रमुख ती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नवे आकडे घालून तिने ढोबळ हिशेब केला. मग पुन्हा केला. गाव नारिंगी झालं.

धाकटा मागे येऊन उभा राहिला होता. रंग त्याला वाचता येत होता.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"आपल्या तिघांना."

तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. आवाज खाली आणला.

"ताई, उद्या आहे तोच नकाशा दे. चूक पुढच्या वेळी दुरुस्त कर. तूच म्हणतेस, कधी ते सांगता येत नाही. पत्र्याखाली पोरं भाजतात गं. उन्हाळ्यात दोघं-तिघं चक्कर येऊन पडतात. ते तर दरवर्षी होतं, त्याला नकाशा लागत नाही."

तिने तो पत्रा बघितला होता.

"बहुतेक काहीच होणार नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? बहुतेक म्हणाले मी."

तिने सहकाऱ्याला फोन लावला. नकाशा उद्या जाणार नाही, म्हणाली. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. छपाई झाली होती, मंत्र्यांची वेळ ठरली होती. "माझ्या नावावर घाला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

धाकट्याने कोपऱ्यांवरच्या वस्तू एकेक करून उचलल्या, नकाशाची गुंडाळी केली आणि आत निघून गेला. लहानपणी रुसायचा तसा. भावजय म्हणाली, "अहो, वर्षभर दुसरं काही बोलले नाहीत हे." थोरलीने पर्स घेतली. थांबायला सांगेल असं आता कुणी नव्हतं.

ती चपला घालत होती, तेव्हा तो बाहेर आला. भांडायला आला असणार, म्हणून ती तयारीत राहिली.

"वरचे दोन मजले राहू देत," तो म्हणाला. "खालचा?"

"खालचा काय?"

"जो उभा आहे तो. बाबांचा. तो चालेल का?"

तिच्या हातातला पट्टा तसाच राहिला. इतक्या वेळात हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती त्या इमारतीत सात वर्षं शिकली होती. खांब किती बारीक आहेत, हे तिला मिठी मारून माहीत होतं.

"इंजिनिअरला बोलव. आतलं लोखंड तपासायला हवं."

"आणि तोपर्यंत?"

तिने उत्तर शोधलं. पन्नास वर्षांचं होतं. उद्या सकाळचं नव्हतं. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढून शिपायाला लावला.

"ऐक. उद्या लवकर ये. सगळी बाकं मैदानात काढ. हो, पहिलीपासून सगळ्यांची... नाही रे, कार्यक्रम कसला... अरे, लागलं ऊन तर लागू दे."